घरोटाजवळची भाषा

1907 साली जळगावात कवींचे संमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. जळगावाला कविता नवी नव्हती. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887मध्ये इथूनच ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेचे मासिक सुरू केले होते आणि ते 1935पर्यंत चालले. केशवसुत काही वर्षे फैजपूरच्या शाळेत शिक्षक होते. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर, कापसाच्या आणि केळीच्या मुलखात, मराठी कवितेचे एक भरभक्कम ठाणे त्या काळी उभे होते.

त्याच साली, त्याच गावात, बहिणाबाई नथूजी चौधरी सत्तावीस वर्षांच्या होत्या. आसोद्याच्या महाजनांची लेक, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आलेली. संमेलन झाले त्याच वर्षी त्यांच्या मुलाचा, सोपानदेवांचा, जन्म झाला. गाव तेव्हा लहान होते. छापील कवितेची सगळी वर्दळ बहिणाबाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि तरी त्या वर्दळीला त्यांचा पत्ता लागला नाही. लागणार कसा? त्या लिहीत नव्हत्या. दळताना, निंदताना, चुलीपुढे बसल्या बसल्या त्या गाणी रचत होत्या, आणि ज्या बोलीत रचत होत्या तिला तेव्हा कवितेची भाषा कोणी म्हणत नव्हते.

मला या सालाने फार दिवस धरून ठेवले आहे. त्याचे आणखी एक कारण आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा जो भाग भिल्ली भाषांना दिलेला आहे, तोही 1907चाच, आणि खानदेशी म्हणजे अहिराणी त्यांनी त्यात ठेवली. मराठीचा खंड वेगळा होता. म्हणजे एका वर्षात जळगावात मराठी कवी जमले, आणि दूर कलकत्त्यात कोणी कागदावर नोंदवले की या भागातल्या माणसांची बोली मराठीच्या घरातली धरू नका. ग्रियर्सन यांचे वर्गीकरण बरोबर की चूक, यावर अभ्यासक आजही बोलतात. मला त्यात एवढेच दिसते की बाहेरून आलेल्या माणसालाही खानदेशची भाषा एका खणात बसवता आली नाही. ती मराठीकडे झुकते, गुजरातीकडे झुकते, सातपुड्यातल्या भिल्ली बोलींना तर तिची सख्खी ओळख आहे.

आणि ते साहजिक आहे. तापी पश्चिमेला वाहते. तिच्या काठाने सुरतेहून माणसे येत-जात राहिली, बऱ्हाणपुराकडून दख्खनचा रस्ता उतरला. फारुकी सुलतानांनी दोन शतके इथे राज्य केले, त्यांचे थाळनेर आजही तापीकाठी आहे. 1601मध्ये असीरगड पडला आणि अकबराने आपल्या दानियाल या मुलाच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ केले. ते नाव टिकले नाही, पण त्या येण्याजाण्यातून आलेली माणसे टिकली. लेवा समाज आपले मूळ गुजरातेत पावागडाकडे सांगतो. गुजर आहेत, लमाण आहेत, सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आहेत, जे भिल्ल आहेत आणि मुसलमानही आहेत. धुळ्यात यंत्रमागावर उर्दू बोलणारी घरे आहेत, व्यापारपेठेत मारवाडी, फाळणीनंतर आलेले सिंधी. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे 1906मध्ये पडले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, 1998मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्ह्यांच्या रेषा बदलत गेल्या, पण बोली तालुक्यागणिक हळूहळूच बदलते.

धुळ्याहून जळगावला एसटीने निघा. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. धुळ्याला चढलेल्या बाईच्या बोलण्यात ‘आहे’च्या जागी ‘शे’ असतो. एरंडोलच्या पुढे तो कमी व्हायला लागतो. जळगाव ओलांडून यावल-रावेरकडे वळलात की ‘ळ’ जाऊन ‘य’ येतो, काळा काया होतो, जळगावाचे जयगाव होते. ‘माले’, ‘तुले’ मात्र सगळीकडे साथ करतात. या रस्त्यावर कुठेही उतरून विचारा, इथे कुठली भाषा संपली आणि कुठली सुरू झाली? कोणी सांगू शकणार नाही.

माझे घर शिंदखेड्याच्या बाजूचे आणि आजोळ यावल तालुक्यातले. वडिलांच्या आईची भाषा अहिराणी, आईच्या आईची लेवा गणबोली, आणि शाळेची मराठी या दोघींपेक्षा निराळी. आई सासरी आली तेव्हा तिची बोली बदलत गेली. सासूशी बोलताना, वावरात मजुरांशी बोलताना ती अहिराणी बोलू लागली. मात्र दोन प्रसंगी ती हटकून माहेरची बोली बोलायची: तिला राग आला की, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसली की. त्या बोलीतली गाणी तिने आम्हाला शिकवली असे नाही. ती म्हणायची आणि आम्ही ऐकायचो. घरी कानबाई देवी बसायची, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तेव्हा रात्रभर आजीकडची अहिराणी गाणी चालायची. त्या जागरणात आईने एखादे कडवे आपल्या माहेरच्या उच्चारात म्हटले तर आजी थांबायची नाही, तिच्या मागोमाग तसेच म्हणायची. पुढच्या वर्षी ते कडवे आजीच्या गाण्यात तसेच मुरलेले असायचे.

खानदेशात बोली कुणी मिसळल्या, असे मला कोणी विचारले तर मी राजे आणि व्यापारी नंतर सांगेन. आधी सुना सांगेन. एका गावची मुलगी दुसऱ्या गावी जाते, सोबत उच्चार नेते, म्हणी नेते, बिबड्या आणि कळण्याची भाकरी करायची आपली पद्धत नेते, देवाला हाक मारायची रीत नेते. सासरचे तिला हसतात, मग तिचे शब्द वापरू लागतात. इतिहासाच्या पुस्तकात याची नोंद नसते, पण गाण्यात असते, कारण बायकांना मनातले बोलायला गाणे हीच एक मोकळी जागा होती.

बहिणाबाईंची कविता मी याच वाटेने वाचतो. आसोदा ते जळगाव हे अंतर थोडे आहे, पण ती वाट खेड्यातून पेठेत येते. जळगावात रेल्वे होती, कापसाची उलाढाल होती, छापखाने होते. आणि खरोखर त्यांच्या गाण्यात मोट आहे, नांगर आहे, तसा छापखानाही आहे. कोऱ्या कागदाचे शहाणपण आणि माणसाचे अडाणीपण शेजारी ठेवून त्यांनी जो विचार मांडला, तो छापखान्याच्या गावात राहणाऱ्या आणि वाचता न येणाऱ्या बाईलाच सुचावा. कीर्तनातून ऐकलेले अध्यात्म, मुक्ताईची ओढ, जोतिषाला दिलेले खडे उत्तर, माहेरच्या वाटेवरचा दगड, सुगरण पक्ष्याची कारागिरी, हे सगळे एकाच बोलीत आणि एकाच सुरात येते. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे, जवळच मुक्ताईचे स्थान. त्या भागातल्या बाईला वेदान्त पोथीतून घ्यावा लागत नाही, तो वारीच्या रस्त्याने दारात येतो.

पण केवळ वारशाने कवी होत नाही. वारसा तर त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना सारखाच मिळाला होता. रोजच्या कामाकडे पाहायची दृष्टी बहिणाबाईंची स्वतःची. त्यांच्या कवितांची शीर्षकेच पाहा: पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. शेतीचा एकेक टप्पा, आणि प्रत्येकाचे वेगळे गाणे. याचे कारण कामातच आहे. पेरणीत पाय चालतात आणि मूठ सुटते, कापणीत कंबर वाकलेली असते, रगडणीत बैल गोल फिरतात आणि माणूस त्यांच्या मागे. उपणणीत टोपले उंच धरून वाऱ्याची वाट पाहावी लागते. वारा पडला तर काम थांबते, आणि ताटकळलेल्या बाईला मग वाऱ्याशीच बोलावे लागते. कामाची चाल बदलली की गाण्याची चाल बदलते. ज्याने ही कामे केली नाहीत त्याला वाटते कवयित्रीने विषय निवडले. तसे नाही. दिवसभर अंगात जी लय भरली ती संध्याकाळपर्यंत ओठावर आली.

आणि घरोट. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, आणि बहिणाबाईंची त्या नावाची कविता आहे. पहाटे अंधारात दळण सुरू व्हायचे. खुंट्याला हात घालून एक फेरा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठभर दाणे घरोटाच्या तोंडात टाकायचे. ओवीचा चरण श्वासाएवढा असतो, कारण फेरा श्वासाएवढा असतो. दाणे टाकायला हात वळतो तिथे सूर थांबतो, आणि पुढची ओळ तिथेच जुळते. समोर दुसरी बाई असेल तर तिने ओळ उचलायची. माझ्या आजोळी आजी आणि तिची जाऊ अशा दळायच्या, आणि एकीने सुरू केलेली ओवी दुसरीने कुठे नेऊन पोचवली याचा पहिलीलाही कधी अंदाज नसायचा. पिठाची गिरणी आली, कष्ट गेले, आणि ते गेले हे चांगलेच झाले. त्या दोघींच्या हाताला पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. कष्टांसाठी हळहळणारी कविता मला खोटी वाटते. पण त्या कष्टांतून बहिणाबाईंनी जी रचना सिद्ध केली तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही. तिशीच्या आसपास वैधव्य आले, पदरी काशी, ओंकार, सोपान ही तीन मुले, ओंकारला प्लेगने आलेले अपंगत्व. दुःख सांगत बसायला वेळ नव्हता, म्हणून ते गाण्यात थोडक्यात आणि स्वच्छ आले.

सोपानदेव शाळेत जाऊ लागले. त्यांनी एकदा पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने तिचे गाणे केले होते. ते ऐकून मुलाने वही उघडली. मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीही गाणी टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी झाले, त्यांची कविता रेडिओवर आणि व्यासपीठांवर गाजली. एका घरात दोन कवी आणि दोन भाषा. मुलाने आईची भाषा आपल्यासारखी करून घेतली नाही, हे त्यांचे मराठीवरचे मोठे उपकार. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, ते हरखून गेले, आणि 1952मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. 1961च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ती घराघरांत पोचवली.

इथे मला धुळ्याची आठवण होते. 1932मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. साने गुरुजी ते उतरवून घेत होते. पालगडला जन्मलेले, अमळनेरात शिक्षकी केलेले कोकणचे गुरुजी आणि गागोद्याचे विनोबा खानदेशातल्या एका कैदखान्यात भेटले, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. तुरुंगातले प्रवचन आणि घरोटावरची ओवी यांचा तसा काही संबंध नाही. पण दोन्ही पुस्तके एकाने बोलून आणि दुसऱ्याने लिहून झाली. दोन्हीत बोलण्याची ऊब टिकली आहे, कारण लिहिणाऱ्याचे बोलणाऱ्यावर प्रेम होते आणि त्याने आपली विद्वत्ता मधे आणली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचे दिवस काढले तेही धुळ्यातच, आणि त्यांच्या मागे 1927मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. धुळे हे कागद जपणारे गाव आहे. खानदेशातले बोलणेही असेच जपले गेले असते तर, असे मला वाटत राहते.

बहिणाबाईंविषयी एक वाक्य आपण फार सहज बोलतो: ‘शाळेत गेल्या नाहीत, तरी केवढे काव्य!’ या ‘तरी’वर माझा आक्षेप आहे. त्या वाक्यात कौतुक आहे, पण अन्यायही आहे. त्यांचे शिक्षण झाले होते. आखाजीच्या झोक्यावर, कीर्तनात, कानबाईच्या जागरणात, म्हाताऱ्या बायकांच्या म्हणींत आणि उखाण्यांत ते झाले. खानदेशच्या निरनिराळ्या माणसांनी शेकडो वर्षे मिळून ती शाळा चालवली होती. बहिणाबाईंना चमत्कार म्हटले की ती शाळा आपल्याला दिसेनाशी होते, आणि त्या शाळेत शिकलेल्या, पण मुलाने वही न उघडलेल्या इतर बायकाही दिसेनाशा होतात. दुसरी हानी अशी की त्यांच्या ओळी सुविचार म्हणून सुट्या केल्या जातात आणि मुले पाठ करताना नकळत प्रमाण उच्चार करतात. मग त्या ओळीतला खानदेश निघून जातो, उरतो तो कुणीही सांगावा असा उपदेश.

बालकवी माझे आवडते कवी आहेत. 1918मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या कवितेतले निर्झर आणि फुले सगळ्या महाराष्ट्राची आहेत. पण धरणगावची अहिराणी त्यांच्या ओळीत शिरली नाही. तो काळच तसा होता. छापील कवितेच्या दारात आल्यावर घरची बोली बाहेर काढून ठेवायची अशी रीत होती. बहिणाबाईंना ती रीत पाळावी लागली नाही, कारण त्या त्या दारात गेल्याच नाहीत. त्यांच्यानंतरच्यांना मात्र धीर आला. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘मेलडी’ लिहिली, त्याआधी 1963मध्ये ‘कोसला’, आणि लेवा घरातल्या मुलाचे बोलणे मराठी साहित्याच्या मधोमध आणून बसवले.

पण मिसळ म्हणताना सगळ्यांचा वाटा सारखा होता असे समजू नये. शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे हे भिल्ल कवी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. जमिनी परत मिळवण्याच्या आणि मजुरीच्या लढ्यात, श्रमिक संघटनेच्या कामात ते वाढले. 1987मध्ये त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. आमचे दुःख आमच्याऐवजी दुसरेच व्यासपीठावरून आम्हाला सांगत राहतात, ही त्यांची तक्रार ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण त्या व्यासपीठावर माझ्यासारखी माणसे होती. बहिणाबाईंच्या घरी स्वतःचे शेत होते. वाहरूंच्या माणसांची जमीन ज्यांच्याकडे गेली त्यांच्यातही अहिराणी आणि गुजरी बोलणारे शेतकरी होते. एकाच वावरात मालकाची आणि सालदाराची भाषा मिसळते तेव्हा मालक भिल्लाचे शब्द घेतो आणि ते आपले समजतो, भिल्लाने मालकाची भाषा बोलली तर ती चुकीची ठरते. खानदेशच्या संमिश्र वारशाचे गोडवे गाताना हे आधी सांगितले पाहिजे. ग्रियर्सन यांनी खानदेशीला भिल्लीजवळ बसवले याचा ज्यांना कमीपणा वाटला, त्यांनी ‘गोधड’ वाचावी.

धुळ्याहून 1985पासून पुरुषोत्तम पाटील यांनी ‘कविता-रती’ हे फक्त कवितेला वाहिलेले द्वैमासिक चालवले. ‘काव्यरत्नावली’नंतर पन्नास वर्षांनी खानदेशने पुन्हा एकदा कवितेसाठी स्वतंत्र नियतकालिक काढले, आणि या वेळी दारे अधिक रुंद होती. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला. बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी, 1990मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला 2018पासून बहिणाबाईंचे नाव आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतली मुले तिथे शिकतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी दोन तरी बोली आहेत.

त्या मुलांना माझे एक सांगणे आहे. आखाजीला घरी जाल तेव्हा आजीजवळ, मावशीजवळ बसा. घरी काम करायला येणारी बाई पावरी किंवा देहवाली बोलत असेल तर तिची परवानगी घेऊन तिच्याजवळही बसा. मोबाईलवर आवाज घ्या आणि सोबत वहीतही लिहा. कोण गाते आहे, माहेर कुठले, सासर कुठले, गाणे कुणाकडून आले, हे पहिल्या ओळीत नोंदवा. एकच गाणे दोघी वेगवेगळे म्हणत असतील तर दोन्ही लिहा, कुठले खरे ते ठरवू नका. तिने ‘य’ म्हटला तर ‘ळ’ लिहू नका, तिने ‘शे’ म्हटले तर ‘आहे’ लिहू नका. आणि हे या वर्षीच करा.